डब्यात उतरायला कुणी सांगितलं?

हा प्रश्न माझा नाही. एका सोसायटीच्या सेक्रेटरीचा आहे. मामाच्या हातातून रक्ताची धार लागलेली, मी त्याच्या मनगटावर माझा गमछा आवळून बांधतोय, आणि हा भला गृहस्थ तीन पायऱ्या वर उभा राहून, लादीला डाग पडेल म्हणून आम्हांला खाली सरकायची खूण करत विचारतोय, "डब्यात उतरायला याला कुणी सांगितलं होतं?"

तेव्हा मी उत्तर दिलं नाही. रिक्षा थांबत नव्हती. रक्त बघितलं की रिक्षावाल्यालाही सीटची काळजी पडते. तिसऱ्या रिक्षाने घेतलं. उत्तर राहून गेलं, ते आता या पानावर देतो. सेक्रेटरीसाहेब हे पान वाचणार नाहीत, त्यांच्या पेपरवाल्याकडे आपलं मासिक येत नाही. पण त्यांचे भाऊबंद गल्लोगल्ली आहेत, आणि दोस्तांनो, त्यातले काही आपल्यातलेही आहेत. त्यांच्याकडे मी येणारच आहे.

आधी माझा पत्ता सांगतो. मी गोदीत राबतो. इंदिरा डॉक, ठेकेदाराची गँग. परमनंटचा जमाना बापाच्या पिढीबरोबर संपला. मानखुर्दहून गाडी पकडतो, डॉकयार्ड रोडला उतरतो. मॅट्रिक झालोय. कविता करतो, पण कवितेने रेशन येत नाही. जहाज लागलं तर काम, काम असलं तर दाम. जहाज नसलं की मामाबरोबर राबिट भरायला जातो. साहेबलोक डेब्रिज म्हणतात, नाक्यावर त्याचं नाव राबिट. फोडलेल्या भिंती, उखडलेल्या लाद्या, तुटका कमोड, जुना ओटा. एका घराचं पोट दुसऱ्यांच्या डोक्यावरून खाली उतरतं.

आणि डबा म्हणजे काय ते सांगतो, कारण पांढरपेशा माणूस डबा म्हटलं की पोळीभाजी समजतो. हा डबा पोलादी प्लेटचा, वरून उघडा, तोंडाला रुंद आणि बुडाला निमुळता. दोन्ही अंगांना जाड कान. डंपर प्लेसर गाडी मागे सरकत येते, दोन लोखंडी हात बाहेर काढते, साखळ्या कानांत अडकवल्या की हायड्रॉलिकच्या जोरावर सगळा ऐवज पाठीवर घेते. महापालिका असले डबे कचऱ्याला वापरते, खाजगी ठेकेदार घरफोडीच्या राबिटला. बाथरूम नवं करायचं, आजोबांचं कपाट काढायचं, की दोन दिवसांसाठी डबा भाड्याने आणायचा. गल्ली अरुंद असली की डबा येत नाही, मग सिमेंटच्या रिकाम्या गोणी आणि टेम्पो. इंग्लंडात ह्याला स्किप म्हणतात. तिथल्या १९८० च्या हायवेज कायद्यात लिहिलंय की परवानगीशिवाय तो रस्त्यावर ठेवायचा नाही, रात्री त्यावर दिवा हवा, आणि मालकाचं नाव आणि पत्ता किंवा फोन नंबर डब्यावर रंगवलेला हवा. आमच्या त्या डब्यावर नाव होतं कधीकाळी. कुणीतरी घासून काढलं होतं. दुपारी मी ठेकेदार शोधायला निघालो तेव्हा मला त्याची किंमत कळली.

आता त्या दिवसाची हकिगत.

लिफ्टच्या दारावर नोटीस चिकटवलेली. मी वाचली, मॅट्रिकला मराठीत बरे मार्क होते. कामगारांनी लिफ्ट वापरू नये. जिन्यात गोणपाट अंथरावे. दुपारी एक ते चार आवाज करू नये. डबा गाड्यांच्या जागेत ठेवू नये. कामगारांनी बागेतील बाकावर बसू नये. पिण्याचे पाणी स्वतःचे आणावे. सहा कलमं, खाली सही, शिक्का. लादीची काळजी होती, गाडीची होती, बाकाची होती, झोपेचीही होती. डब्यात काय टाकायचं, काय टाकायचं नाही, किती टाकायचं, याबद्दल एक अक्षर नव्हतं.

शनिवारी आम्ही डबा रीतसर भरला होता. जड माल बुडाला, सगळीकडे सारखा पसरून. विटा, लाद्या, ओट्याचे तुकडे. वर लाकूड, त्याचे खिळे हातोडीने वाकवून. काठापासून वीतभर खाली ठेवला आणि आम्ही गेलो. रविवारी सकाळी येऊन बघतो तर डब्याला शिंगं फुटलेली. रात्रीत सगळी इमारत येऊन गेली होती. भाडं भरलं एकाने, घर रिकामं केलं तीस जणांनी. गादी, पोराची मोडकी सायकल, ट्यूबलाइटच्या नळ्या, रंगाचे अर्धे डबे, ॲसिडची बाटली, डायपरच्या गाठी मारलेल्या पिशव्या, आणि गादीच्या पोटाखाली, कुणाला दिसू नये अशा बेताने, आरशाच्या दाराचं कपाट. आयता डबा आलाय, टाका. च्यायला, एरवी मेंटेनन्सच्या दहा रुपयांसाठी एकमेकांच्या उरावर बसणारी माणसं, अशी एकजूट मी युनियनच्या मीटिंगलाही बघितली नाही.

गाडीवाला आला. वर बघितलं आणि म्हणाला, "इतना ऊपर है तो मैं नहीं उठाएगा. बराबर करो." बरोबर बोलला तो. ढीग घेऊन हमरस्त्यावर गाडी धावली आणि एक लादी मागच्या स्कूटरवाल्याच्या डोक्यात पडली, तर फासावर हाच चढणार. मग तिसऱ्या मजल्यावरून, ज्याने भाडं भरलं होतं त्याचा आवाज आला, "अरे, दाबून बसवा ना जरा. दुसऱ्या डब्याचे पैसे मी देणार नाही."

दाबून बसवा. पोलादी डब्यातला माल कशाने दाबतात? हाताने दबत नाही. पायांनी दाबतात. म्हणजे आत उतरून, वर उभं राहून, नाचून. मामा चढला. मी म्हणालो, मामा थांबा, आधी वरचं काढू. तो म्हणाला, "आरं, काढून ठिवणार कुटं? खाली ठिवलं की म्हातारा वरडतुया. बसतंय, बसतंय." दोन पाय आपटले. गादी खाली गेली, गादीखालचा आरसा फुटला, मामा पुढे पडला आणि पडणारा माणूस जे करतो ते त्याने केलं, तळहात पुढे टाकला.

पालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईने नीट शिवलं, धनुर्वाताची सुई दिली. शिरा तुटल्या होत्या, हात हलवणाऱ्या. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आता मिटत नाही. फावड्याचा दांडा मुठीत राहत नाही. चौदा एप्रिलला आमच्या गल्लीत मामाची ढोलकी असायची, यंदा ती खुंटीवर होती. इथे तुम्हांला माझ्याकडून एक कविता हवी असेल. देत नाही. मामाच्या बोटांवर टाळ्या घेण्याइतका मी अजून मोठा कवी झालो नाही.

सोसायटीने पाचशे रुपये दिले. माणुसकी म्हणून. आणि तो प्रश्न दिला.

तर ऐका, साहेब. डब्यात उतरायला त्याला ढिगाने सांगितलं. तुम्ही काठाच्या वर भरलंत तेव्हाच तुम्ही हुकूम सोडला की उद्या सकाळी कुणीतरी आत उतरायचं. कारण ढीग असलेला डबा उचलता येत नाही आणि तुम्ही दुसऱ्या डब्याचे पैसे देत नाही. मधे उरतो काय? माणूस. रात्री अकरा वाजता लुंगी आवरत तुम्ही गादी आणून टाकलीत, वर जाऊन झोपलात, तुमच्या तोंडून एक शब्द निघाला नाही. निघायची गरज नव्हती. गावकीत तरी कुठे निघायची? ढोर मेलं की पाटील आमच्या आज्याला चिठ्ठी पाठवत नव्हता. ढोर दारात सडत पडायचं आणि ते ओढायचं कुणी हे सगळ्या गावाला ठाऊक असायचं. सांगितलं कुणी, हा प्रश्न विचारायची सोय तिथेही होती.

आता माझ्या गोदीचं ऐका, म्हणजे फरक दिसेल. जहाजातून वीस फुटी कंटेनर उतरतो त्याच्या दारावर एक पत्री ठोकलेली असते. १९७२ साली जिनिव्हात सरकारांनी बसून करार केला, त्यानुसार. त्या पत्रीवर लिहिलेलं असतं की हा खोका जास्तीत जास्त किती वजन घेईल, त्याच्यावर किती वजन रचता येईल. हूक, शॅकल, साखळी, प्रत्येकावर सुरक्षित वजन कोरलेलं. १ जुलै २०१६ पासून तर वजन केल्याचा कागद असल्याशिवाय भरलेला निर्यात कंटेनर जहाजावर चढत नाही, जगात कुठेही. का? कारण खोटं वजन लिहून रचलेले कंटेनर कोसळले, जहाजं कलली, विमा कंपन्यांचे पैसे बुडाले. माल बुडाला तेव्हा जग जागं झालं. आणि तुमच्या अंगणात जो डबा येतो त्यावर साधी एक रेघ नाही, की इथपर्यंत भरा. त्याच्या साखळ्या कधी तपासल्या ते तो ठेकेदारही सांगू शकत नाही.

हिशेब करू. नाक्यावर राबिट ब्रासवर मोजतात, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. मोठा डबा साडेचार घनमीटरचा धरा, म्हणजे दीड ब्रासच्या थोडा वर. त्यात घरचा ओला-सुका कचरा भरला तर दोन टनांच्या आसपास वजन होतं. तोच डबा विटा-लादी-सिमेंटने काठोकाठ भरला की सहा टनांच्या पुढे जातो. डबा तोच, साखळी तीच, गाडी तीच, वजन तिप्पट. ठेकेदार भाडं सांगताना विचारतो काय भरणार? विचारत नाही. तुम्ही सांगता का? नाही. पाऊस पडला तर आणखी. गोणपाट, गादी, माती पाणी पितात, आणि उघड्या डब्यात तळं साचतं. म्हणून ताडपत्री. ताडपत्री शेजाऱ्याच्या बाल्कनीतून वाईट दिसू नये यासाठी नसते.

आणि साखळीची एक गंमत, जी गोदीत पहिल्या आठवड्यात शिकवतात. दोन साखळ्यांनी ओझं उचललं आणि त्या सरळ वर असल्या, तर वजन अर्धं-अर्धं वाटलं जातं. त्या फाकल्या की ताण वाढतो. दोघींमधला कोन १२० अंश झाला की प्रत्येकीवर पुरं वजन येतं. म्हणून माल एका कुशीला ढकलून भरलेला डबा उचलताना तिरपा होतो आणि एकच साखळी सगळं सोसते. तुटलेली साखळी कशी फटकारते ते मी बघितलंय. तेव्हा डबा उचलताना पोरं गॅलरीखाली गोळा करून त्यांना गंमत दाखवू नका. दहा पावलं लांब ठेवा. आणि तुमच्या गड्यालाही लांब ठेवा, त्याचंही डोकं डोकंच आहे.

डबा ठेवता कुठे, हेही बघा. मुंबईच्या सोसायट्यांच्या अंगणाखाली पाण्याच्या टाक्या असतात, गटाराचे चेंबर असतात, गॅसची लाईन असते. वर नक्षीदार पेव्हर ब्लॉक बसवले की खाली काय आहे ते सेक्रेटरीलाही आठवत नाही. टाकीच्या स्लॅबवर सहा टन ठेवलेत तर डबा खाली जाईल, आणि त्याबरोबर कोण जाईल ते मी सांगायला नको. पक्की, सपाट जमीन बघा, खाली जाड फळ्या टाका, लाद्याही वाचतील, त्या तुम्हांला प्रिय आहेत. रस्त्यावर ठेवणार असाल तर आधी वॉर्ड ऑफिसात विचारा आणि रात्री दिवा लावा. अंधारात बाइकवाला आदळला तर तोही कुणाचा तरी पोरगा असतो.

मग डब्यात काय जाऊ नये. इथे माझा आवाज चढतो, कारण हे सगळं मी हाताने चाचपलेलं आहे. काच नुसती टाकायची नाही. जाड कागदात, पुठ्ठ्यात बांधा, वर मोठ्या अक्षरात काच लिहा, वेगळी हातात द्या. ट्यूबलाइट, सीएफएल फोडू नका, त्यात पारा असतो. ॲसिडची बाटली आणि ब्लीचिंग पावडर एकाच डब्यात फुटली की क्लोरीन उठतो, आणि डब्यात वाकलेल्या माणसाचं नाक त्या क्लोरीनपासून हातभर अंतरावर असतं. मोबाइलची, पॉवर बँकेची बॅटरी चेपली की पेट घेते. रंगाचा, थिनरचा डबा तिच्या शेजारी पडलेला असला तर बघायलाच नको. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वेगळे द्या, हे २०१६ च्या घनकचरा नियमांनी सरकारने लिहून दिलं होतं. ते डायपर आमच्या बायांच्या बोटांना लागतात, आणि त्याच बोटांनी त्या घरी भाकरी थापतात. गॅसची छोटी टाकी तर कुणाच्या बापाने डब्यात टाकू नये.

आणि सिमेंटचा पत्रा. जुन्या छपराचा, करड्या रंगाचा, नागमोडी. बहुतेक वेळा त्यात ॲस्बेस्टॉस असतं. हातोड्याने फोडून डब्यात टाकला की धूळ उडते, धुळीत डोळ्यांना न दिसणारे तंतू. ते छातीत जाऊन बसतात आणि वीस-तीस-चाळीस वर्षांनी हिशेब मागतात. आमच्या गोदीला लागून दारूखाना आहे, जुनी जहाजं तोडायचा. तिथल्या म्हाताऱ्यांना हे तंतू ठाऊक आहेत. २७ जानेवारी १९९५ रोजी सुप्रीम कोर्टाने ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यांतल्या कामगारांबद्दल निकाल दिला, तपासण्या करा, चाळीस वर्षं नोंदी ठेवा म्हणाले. नाक्यावरच्या माणसाची नोंद कोण ठेवणार, त्याचं हजेरीपुस्तकच नाही. पत्रा फोडू नका. भिजवा, अख्खा उतरवा, प्लास्टिकमध्ये गुंडाळा, आणि ठेकेदाराला आधी तोंडाने सांगा की पत्रा आहे.

आता तुम्ही म्हणाल, पैसे देतो ना आम्ही? देता. पण कसे देता ते सांगतो. तीन ठेकेदारांना फोन करता आणि सगळ्यात स्वस्त जो, त्याला बोलावता. तो स्वस्त का, हे विचारत नाही. तो स्वस्त असतो कारण त्याच्या गड्यांना हातमोजे नाहीत, बूट नाहीत, विमा नाही, आणि तुमचं राबिट तो रात्री दोन वाजता खाडीत, तिवरांत नेऊन ओततो. दहिसरला आणि शिळफाट्याला राबिट भरडून पुन्हा वापरायचे प्रकल्प २०२४ साली सुरू झाले. तिथे नेलं तर काट्यावर वजन होतं, पावती मिळते. ती पावती मागा. ज्याच्याकडे नाही, त्याने तुमचं राबिट कुठे टाकलं ते आमच्या बाजूला येऊन बघा. शिवाय राबिटात शिळं अन्न आणि डायपर मिसळलेत तर ते भरडून कामाचं राहत नाही. निवडावं लागतं. कोण निवडतं? पुन्हा तेच हात.

मुंबईने कचऱ्यासाठी जागा निवडली देवनारची. तिथे १९२७ पासून कचरा पडतोय. तुम्हांला १९२७ म्हटलं की काही आठवत नसेल. आम्हांला आठवतं. २० मार्च १९२७ला बाबासाहेबांनी महाडच्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, आणि त्याच महाडात आपल्या माणसांना सांगितलं की मेलेली ढोरं ओढणं सोडा. गावात आमच्या बापजाद्यांनी सोडलं, मार खाल्ला, बहिष्कार सोसले, पण सोडलं. आणि शहराने त्याच साली ढोराऐवजी दुसरं काहीतरी आणून ठेवलं. १९७६ साली जनता कॉलनी पाडून माणसं चीता कॅम्पात नेऊन टाकली. शिवाजीनगर, बैगनवाडी त्याच डोंगराच्या सावलीत वाढली. जानेवारी २०१६ मध्ये डोंगर पेटला तेव्हा धूर शाळांपर्यंत गेला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या, मग पेपरांना बातमी झाली. आम्ही तो धूर लहानपणापासून आमच्या बारशाला आल्यासारखा ओळखतो.

कुणी म्हणेल, राबिटच्या कामात जात कुठे आली? नाक्यावर कुणी जात विचारत नाही. खरं आहे, विचारत नाही. या, सकाळी सातला नाक्यावर उभे राहा आणि स्वतः मोजा. आमचे आहेत, मातंग आहेत, बंजारा आहेत, यूपीचे चमार आहेत, बिहारचे, बंगालचे मुसलमान आहेत, पालघरचे आदिवासी आहेत. हजेरी घेतलेली असते, नावं पुकारायची गरज नाही. २०१४ पासून झाडू घेऊन फोटो काढायची फॅशन आली, त्या फोटोतला एकही चेहरा मला नाक्यावर दिसलेला नाही. महापालिकेच्या ठेका सफाई कामगारांनी निदान झगडा दिला. कचरा वाहतूक श्रमिक संघ वर्षानुवर्षं कोर्टात लढला आणि २०१७ साली सुप्रीम कोर्टात २७०० कामगारांच्या कायम होण्यावर शिक्कामोर्तब झालं. तो आमचाही विजय होता, आम्ही गुलाल उधळला. पण मामाचं नाव त्या २७०० मध्ये नव्हतं, कुठल्याच रजिस्टरात नाही. तो खाजगी डब्याचा खाजगी माणूस.

आता आपल्या माणसांकडे येतो, सांगितलं होतं तसं.

माझा एक नातेवाईक आहे. नातं सांगत नाही, तोंड बघावं लागतं. बँकेत आहे. दोन खोल्यांतून टू-बीएचकेत गेला, आनंद आहे, आम्ही पेढे खाल्ले. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, पुस्तकांचं कपाट. फ्लॅटचं काम काढलं तेव्हा मला फोन. "अरे, चार माणसं पाठव ना. आपलीच पाठव, जरा कमीत घेतील." आपलीच. कमीत. मी गेलो होतो, म्हणून बघितलं. जिन्याने उतरवा म्हणाला, लिफ्टला सोसायटी नाही म्हणते. मी विचारलं, तू कमिटीत आहेस ना? म्हणाला, आहे, पण आत्ताच कुठे माझं नाव लागलंय, वाकडं कशाला घेऊ. आणि गोणी. सिमेंटची पन्नास किलोची गोणी, राबिटने तोंडापर्यंत भरली की तिचं वजन तितकंच होतं. पाचव्या मजल्यावरून, एकेका डोक्यावर. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली एका माणसाच्या अंगावर ५५ किलोच्या वर भार नको असं सुचवलं, ते बंदरातल्या सपाट धक्क्यावर चालणाऱ्या माणसालाही जड जातं. जिन्याच्या पायऱ्या त्यांनी मोजल्या होत्या की नाही कोण जाणे. मी त्याला म्हणालो, गोणी अर्धी भर, फेऱ्या वाढतील, मजुरी वाढव. तो हसला. "तू कवी आहेस रे," म्हणाला.

साला, हा टोमणा मला सेक्रेटरीच्या प्रश्नापेक्षा जास्त लागला. सेक्रेटरी परका आहे. याने तर सतरंजीवर बसून माझ्याबरोबर मोर्चाचे बोर्ड रंगवलेत. बाल्कनीत निळा झेंडा आहे आणि बाल्कनीखाली डबा आहे, आणि डब्यात आपलाच माणूस उतरतोय. झेंडा लावायच्या आधी खाली वाकून बघ, एवढंच मी त्याला म्हणतो. इथे छापून म्हणतो, कारण तो हे मासिक वाचतो. वर्गणी भरतो बिचारा.

म्हणून आमच्या नाक्यावरच्या नऊ जणांनी मिळून ठरवलंय. युनियन वगैरे मोठं नाव नाही, वही आहे एक, चाळीस पानी. काम घेताना आम्ही आधी विचारणार, काय भरायचं? पत्रा आहे का, काच आहे का, बॅटरी, ॲसिड? हातमोजे आणि बूट ठेकेदार देत नसेल तर भाडं भरणारा देईल, नाहीतर दुसरी गँग बघा. गोणी अर्ध्याच्या थोडी वर, जास्त नाही. रात्री डब्यावर ताडपत्री, दोरीने बांधून. वर कुणी काही टाकलं तर ज्याने भाडं भरलं त्याने ते स्वतःच्या हाताने काढायचं, आम्ही खाली उभे राहून बघू, वाटल्यास सूचना देऊ. आमच्यातला कुणीही डब्यात उतरणार नाही. दाबून बसवायचं असेल तर वरून या. लागलं, कापलं, तर दवाखान्याचा खर्च आणि बुडालेला रोज भाडं भरणाऱ्याकडून आणि ठेकेदाराकडून, दोघांकडून. हे वहीत लिहून खाली सही घेतो. तीन सोसायट्यांनी आम्हांला हाकललं. दोघांनी सही केली, त्यातली एक बाई म्हणाली, आधी कधी कुणी विचारलंच नाही. तिने काच पुठ्ठ्यात बांधून दिली, वर लाल पेनने लिहून.

एका ठेकेदाराचे दोन डबे आमच्या नाक्याजवळच उभे असतात. गेल्या आठवड्यात मामा डाव्या हातात ब्रश धरून बसला आणि दोन्ही डब्यांच्या आत, काठाच्या वीतभर खाली, चारही बाजूंनी पिवळी रेघ ओढली. ठेकेदार आला, बघितलं, म्हणाला, चुन्याची असेल तर पुसून घेतो. मामा म्हणाला, "ऑइलपेंट हाय. दोन हात दिल्यात."